दावणीचं शेवटचं गिऱ्हाईक

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या कुरेशी समाजाने जनावरं घेणं बंद केलं. गाय-बैलांची कत्तल दहा वर्षांपूर्वीच कायद्याने बंद झाली होती. आता कायद्यात बसणारा म्हशी-रेड्यांचा व्यवहारही या लोकांनी आपणहून थांबवला. ऑल इंडिया जमियतुल कुरेश ही त्यांची संघटना. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गोरक्षणाच्या नावाखाली रस्त्यात गाड्या अडवल्या जातात, मारहाण होते, जनावरं हिसकावली जातात आणि वर गुन्हा आमच्यावरच नोंदला जातो, हे थांबत नसेल तर हा धंदाच नको. काही आठवड्यांत ठिकठिकाणच्या बाजारांत जनावरं आणि शेतकरी होते, घेणारा नव्हता. मग मराठवाड्यापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत शेतकरीच या व्यापाऱ्यांच्या बाजूने बोलू लागले.

व्यापाऱ्यांच्या बंदला शेतकऱ्याने पाठिंबा द्यावा ही गोष्ट नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. व्यापाऱ्यांचा बंद म्हणजे काय हे या गावाला शिकवावं लागत नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि 20 सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ते बंदच राहिले. शुल्क लावलं सरकारने, अडवलं व्यापाऱ्याने आणि चाळीत कांदा सडला शेतकऱ्याचा. तेव्हा निफाड तालुक्यात व्यापारी असोसिएशनबद्दल कोणी चांगला शब्द काढत नव्हतं. व्यापाऱ्याची एकी म्हणजे आपल्या गळ्याला फास, ही इथली जुनी समजूत आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे.

मग मांसाचा व्यापार करणाऱ्यांच्या संघटनेने दारं लावली तेव्हा शेतकरी वेगळं का वागला? ते समजायचं तर या व्यापाराचा आणि त्याच्या संघटनेचा मागचा दीडशे वर्षांचा रस्ता बघावा लागतो. तो रस्ता मालेगावहून मुंबईकडे जाताना पिंपळगावच्या टोलनाक्यावरूनच जातो.

जुन्या गावगाड्यात मांसाचा व्यापार नव्हता, मुलाणी होता. जत्रेत, नवसाला बोकड कापायचा तर मुलाण्याने हलाल करायचं आणि त्याचा हक्काचा वाटा घ्यायचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा ही व्यवस्था जिवंत होती. मोठ्या जनावरांचं मांस हा मात्र गावाचा विषय नव्हता, तो छावण्यांचा आणि शहरांचा होता. मालेगावला इंग्रजांची छावणी होती, देवळालीला पलटणी उतरत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत बकरं कापणारे आणि मोठं जनावर कापणारे असे कसायांचे दोन वेगळे वर्ग नोंदलेले आहेत. त्यांची आपापली पंचायत होती आणि पंचायतीचा प्रमुख असे. आजच्या कुरेशी जमातीचं मूळ तिथे आहे. लग्नं, तंटे, दंड आणि धंद्याचे नियम एकाच बैठकीत ठरवणारी ही जमात होती. कामगार संघटना किंवा व्यापारी मंडळ अशा साच्यात ती कधीच नीट बसली नाही, आणि पुढे तिची ताकद व तिची मर्यादा दोन्ही यातूनच आल्या.

मुंबईत आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना, 1860 च्या दशकात, शहरातले कत्तलखाने हलवून वांद्र्याला नेण्यात आले. तिथून शंभरेक वर्षांनी, 1971 साली, ते देवनारला गेले. शहर वाढत गेलं तशी जनावरं लांबून येऊ लागली आणि खानदेश, नाशिक, नगरचे बाजार मुंबईशी बांधले गेले.

त्या काळी शेतकऱ्याचं दुखणं आजच्या नेमकं उलट होतं. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिलं. गोऱ्या शिपायांच्या खाण्यापायी गाई-बैल कमी होतात, जंगल खात्याने चराऊ कुरणं बंद केल्याने उरलेले उपाशी मरतात आणि कुणब्याला औताला बैल मिळत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. त्यात शेतीचा हिशोब होता. मोट, नांगर, वखर, गाडी, मळणी सगळं बैलावर चालायचं. बैल कमी पडला की शेत पडीक राहायचं. त्याच सुमारास गोरक्षिणी सभा उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर तणावही आला. 1893 साली मुंबईत मोठी दंगल झाली, त्या काळात आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यालाही झळ बसली. शेतकऱ्याची बैलाची गरज आणि धर्माचा प्रश्न तेव्हा एकमेकांत मिसळले ते आजतागायत वेगळे झालेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. विजेचे पंप आले आणि मोट गेली. पुढे ट्रॅक्टर आला. निफाड तालुक्यात पाटपाण्यावर ऊस आणि मग द्राक्षं आली, तसा बैल हळूहळू दावणीवरून उतरला. आता प्रश्न बैल कमी असण्याचा राहिला नाही. काम संपलेल्या बैलाचं काय करायचं हा झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1960 च्या दशकात या प्रश्नावर लिहिलं. गुरांची संख्या अखेर शेतकरीच ठरवतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्याला नको असलेलं जनावर तो कापत नसेल, पण त्याला वैरण मिळत नाही. कोणत्या जनावरापुढे पेंढी टाकायची आणि कोणत्यापुढे नाही, हा निर्णय रोज गोठ्यात होत असतो आणि तो कोणत्याही कायद्याच्या हाती लागत नाही. शेतकऱ्याला हे नवीन नाही, पण छापील कागदावर इतक्या स्पष्ट शब्दांत ते फार थोड्यांनी मांडलं.

इथे बाजार बघायला हवा, कारण संघटनेचं मोजमाप करायचं तर ती नेमकं काय करते ते बाजारातच दिसतं.

शेतकरी बैल घेऊन येतो. हेडी, म्हणजे जनावरांचा फिरता व्यापारी, आधी जनावराच्या तोंडात हात घालतो, कारण वय दातांवर असतं: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खांदा बघतो, खुर बघतो, चार पावलं चालवून घेतो. भाव ठरतो तो उपरण्याखाली. घेणारा आणि विकणारा दोघांचे हात कापडाआड जातात, बोटं धरली जातात, दाबली जातात, सोडली जातात. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहतो. फार तर दलालाला तो कळतो, कारण बहुतेकदा कापडाखालचा दुसरा हात त्याचाच असतो. जोडी कामाची असेल तर ती दुसऱ्या शेतकऱ्याकडे जाते. उतरलेली असेल तर एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका हेड्याकडून दुसऱ्याकडे जात शेवटी मोठ्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढते. शेतकरी आलेल्या पैशावर आणखी थोडे घालून चार दाती जोडी घेऊन घरी जातो. नवा बैल परवडायचा तो जुन्याचे पैसे येतात म्हणून.

या साखळीत कुरेशी व्यापारी अगदी टोकाला असतो. शेतकऱ्याची त्याची बहुधा गाठही पडत नाही. पण सगळ्यात पडलेल्या जनावराला तो जो भाव देतो त्याच्यावरच बाकी सगळे भाव उभे असतात. बँकेत तारण ठेवायला सोनं नसलेल्या कोरडवाहू घरात आजारपण, लग्न, दुष्काळ अशा वेळी दावणीचं जनावर हीच ठेव असते. ती मोडायला शेवटी कोणीतरी घेणारा लागतो.

हा घेणारा साठहून जास्त वर्षं कोर्टात उभा आहे. मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात 23 एप्रिल 1958 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: गाईच्या आणि वासरांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी वैध, पण कामातून गेलेल्या बैल-रेड्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. निरुपयोगी जनावरं पोसण्याचा भार देशाच्या चाऱ्यावर पडतो, हे तेव्हा न्यायालयाने मान्य केलं होतं. महाराष्ट्राचा 1976 चा पशुसंरक्षण कायदा याच चौकटीतला होता. गाय कापायची नाही. बैल कापायचा तर अधिकाऱ्याचा दाखला हवा.

पुढची मोठी लढाई एका जमातीच्याच नावाने ओळखली जाते. गुजरात राज्य विरुद्ध मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात. 26 ऑक्टोबर 2005 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने 1958 ची वाट सोडली. सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या पीठाने बैलाच्या पूर्ण बंदीलाही मान्यता दिली, न्यायमूर्ती ए. के. माथुर यांनी एकट्यांनी वेगळं मत नोंदवलं. बहुमताचा एक मुख्य आधार शेणाचा होता. बैल म्हातारा झाला तरी शेण-मूत्र देतो, म्हणून तो कधीच निरुपयोगी होत नाही, असा तो युक्तिवाद.

शेणाची किंमत पिंपळगावला सांगायची गरज नाही. द्राक्षबागेला शेणखत लागतंच. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेत चर काढून त्यात खत भरतात आणि हे खत आता गावात पुरेसं होत नाही. चांदवड, येवला, सिन्नरकडून ट्रॉल्या भरून विकत आणावं लागतं. निर्यातीची द्राक्षं पिकवणारा हा पट्टा स्वतःच्या दावणी रिकाम्या करून बसला आहे आणि दुसऱ्या तालुक्यांतल्या गोठ्यांवर जगतो आहे. तेव्हा जनावरांवर अवलंबून असलेली अर्थव्यवस्था म्हटल्यावर फक्त धनगर आणि गवळी डोळ्यांसमोर आणू नयेत. थॉमसन सीडलेसच्या पेटीतही गोठा आहे.

आणि म्हणूनच शेणाचा हिशोब नीट मांडायला हवा. मोठं जनावर दिवसाला दहा-पंधरा किलो शेण देतं. ओलं शेण कुजून खत होईपर्यंत त्याचं वजन निम्म्याखाली येतं. ट्रॉलीभर खताला बागायतदार चांगले पैसे मोजतो हे खरं, पण त्या पैशात त्या जनावराचा वर्षाचा कडबा, पेंड, पाणी आणि सांभाळणाऱ्याची मजुरी निघत नाही. शेण हे दुधाच्या किंवा कामाच्या जोडीने येणारं उत्पन्न आहे. नुसत्या शेणासाठी बैल पाळणारा शेतकरी मला या जिल्ह्यात माहीत नाही. दिल्लीत लिहिला गेलेला तो युक्तिवाद येवल्याच्या गोठ्यात टिकत नाही.

महाराष्ट्रात युती सरकारने 1995 मध्येच बैल-वळूंपर्यंत बंदी वाढवणारी दुरुस्ती मंजूर करून घेतली होती. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ती एकोणीस वर्षं पडून राहिली. संमती मिळाली आणि 4 मार्च 2015 पासून कायदा लागू झाला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. नुसतं मांस जवळ सापडलं तरी एक वर्ष. त्याच्या आधीच, 2015 च्या सुरुवातीला, मुंबईतल्या बीफ विक्रेत्यांनी देवनारचं काम काही दिवस बंद ठेवलं होतं. तक्रार तीच, गाड्या वाटेत अडवल्या जातात ही. म्हणजे 2025 च्या बंदची तालीम दहा वर्षं आधी झाली होती. फरक इतकाच की 2015 मध्ये एकाही गावाने त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

कायद्याची पहिली झळ आपल्याच जिल्ह्यात लागली. मार्च 2015 संपण्याच्या आत मालेगावात नव्या कायद्याखालचा राज्यातला पहिला गुन्हा दाखल झाला. मागोमाग मालेगाव पोलिसांनी गोवंश पाळणाऱ्यांना सांगितलं, प्रत्येक जनावराचा फोटो आणा, सोबत रंग, शेपटीची लांबी, अंगावरच्या खुणा लिहून द्या. परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत ही बातमी गेली. लोकांनी ती गंमत म्हणून वाचली. ज्याला एक गाय आणि दोन गोऱ्हे घेऊन पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागली त्याला त्यात गंमत वाटली नसेल. आपलं जनावर मेलं, चोरीला गेलं की विकलं याचा जबाब आता त्याने द्यायचा होता.

त्या वर्षी राज्यात दुष्काळ होता, पुढच्या वर्षी आणखी मोठा. दुष्काळात शेतकरी सगळ्यात आधी जनावर विकतो. 2015 मध्ये विकायला गेला तर उतरलेल्या बैलाला कोणी विचारेना आणि चांगल्या जोडीचा भावही खाली आला. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांच्या पीठाने, कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम आणि आरोपीनेच निर्दोषपण सिद्ध करावं असं सांगणारं कलम मात्र पीठाने रद्द केलं. खाणाऱ्याला त्यातून दिलासा मिळाला. पाळणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही, कारण त्याच्या वतीने तिथे फारसं कोणी उभंच नव्हतं.

माझी जमातीबद्दलची मोठी तक्रार इथेच आहे. 1958 पासून ती लढली ती धंद्याच्या स्वातंत्र्यासाठी आणि धर्माच्या आचरणासाठी. दोन्ही हक्क खरे आहेत. पण तिच्यामागे लाखो शेतकऱ्यांची दावण उभी आहे हे तिने न्यायालयात ठामपणे मांडलं नाही आणि बाजारात तर त्या शेतकऱ्याशी कधी सलगीही केली नाही. साठ वर्षांत उपरण्याखालचा हात उघड्यावर आला नाही. पिंपळगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चारचौघांत होतो, काटापट्टी हातात पडते, भाव पाटीवर लागतो. 1963 च्या बाजार समिती कायद्याने जनावरांचे बाजारही नियमनात आणले. तिथे व्यवहार झाल्याची पावती मिळते, पण भाव कसा ठरला याचा मागमूस त्या पावतीवर नसतो. वजनावर विकायच्या जनावराचं वजन होत नाही. हे बदलायची ताकद सगळ्यात मोठ्या खरेदीदाराकडे होती आणि त्याला ते सोयीचं नव्हतं. धंदा अंधारात राहिला की तो बदनाम करणं सोपं जातं, ही किंमत नंतर त्यालाच मोजावी लागली.

शेतकऱ्यांच्या संघटनांनी तरी वेळेवर हा प्रश्न धरला का? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने धरला होता, पण तो कांदा-उसाइतका रस्त्यावर आला नाही. 10 नोव्हेंबर 1980 ला नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा रस्ता अडवला तेव्हा पिंपळगावचे माधवराव खंडेराव मोरे त्या आंदोलनाच्या आघाडीवर होते; खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. घामाचे दाम मागणाऱ्या त्या विचारात जनावराचाही भाव येतो. मालकाला माल विकायचं स्वातंत्र्य हवं, मग तो कांदा असो की बैल, म्हणून संघटनेने गोवंशहत्याबंदीला विरोध केला. पण जोशी 12 डिसेंबर 2015 ला गेले आणि त्या वर्षी हा विरोध लेख-भाषणांपुरता राहिला.

मग 2017 चा मे महिना आला. 23 मे रोजी केंद्राने नवे पशुबाजार नियम काढले. बाजारात विकलेलं जनावर कत्तलीसाठी नाही असं लिहून द्यायचं, आणि त्यात म्हशीसुद्धा आल्या. नऊच दिवसांनी, 1 जूनला, पुणतांब्यातून निघालेला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि नाशिक जिल्ह्याने तो सगळ्यात नेटाने पाळला. दूध रस्त्यावर ओतलं गेलं, पिंपळगावसह बाजार समित्या ओस पडल्या. कर्जमाफी आणि हमीभाव या त्या संपाच्या मुख्य मागण्या होत्या. पशुबाजाराच्या नियमांविरुद्ध न्यायालयात गेली ती ऑल इंडिया जमियतुल कुरेशची कृती समिती. 11 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश खेहर यांच्या पीठाने त्या नियमांवरची स्थगिती देशभर लागू केली. पुढच्या वर्षी केंद्राने सुधारित नियमांचा मसुदा आणला. महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या पशुपालकाचा बाजार त्या वर्षी वाचला तो या संघटनेच्या याचिकेमुळे. हे श्रेय तिला द्यायलाच हवं, आणि ते शेतकऱ्यांच्या सभांमध्ये फारसं कोणी दिलेलं मी ऐकलं नाही.

बाजार वाचला, रस्ता वाचला नाही. जून 2023 मध्ये याच मुंबई-आग्रा महामार्गाच्या आसपास दोन खून झाले. 8 जूनला जनावरं नेणाऱ्या तरुणांना गाठून मारहाण झाली आणि त्यातल्या एकाचा मृतदेह दोन दिवसांनी इगतपुरीजवळ घाटनदेवीच्या दरीत सापडला. 24 जूनला सिन्नर-घोटी मार्गावर मांस नेणारी गाडी अडवून दोघांना मारलं, त्यातला एक गेला. ऑगस्ट 2024 मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या रेल्वेगाडीत इगतपुरीच्या आसपास एका म्हाताऱ्याला डब्यातल्या मांसावरून तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. तो लेकीकडे निघाला होता. ही सगळी ठिकाणं आपण घोटीला डांगी बैलांच्या बाजाराला जाताना पाहतो, मुंबईला भाजीपाल्याच्या गाड्या पाठवताना ओलांडतो. कापायचा परवाना असलेलं जनावर कोणतं आणि नसलेलं कोणतं, हे रात्री दोन वाजता रस्त्यात काठी घेऊन उभा असलेला माणूस ठरवणार असेल, तर कायदा काय म्हणतो याला अर्थ राहत नाही. अशा रस्त्याने गाडी नेणारा ड्रायव्हर जास्त भाडं मागतो, व्यापारी ते भाड्याचे पैसे जनावराच्या भावातून कापतो आणि शेवटी ते चांदवडच्या किंवा येवल्याच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

या काळाचा परिणाम पशुगणनेत दिसतो. 2012 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 55 लाख गाय-बैल होते. 2019 मध्ये ते 1 कोटी 40 लाखांच्या आत आले. सगळी घट कायद्याने झाली असं म्हणणं चुकीचं ठरेल. ट्रॅक्टर आहेत, दुष्काळ आहेत, चारा महागला आहे. पण त्याच सात वर्षांत, त्याच दुष्काळांत, शेळ्या सुमारे 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर गेल्या, आणि म्हशी 56 लाखांच्या आसपास टिकून राहिल्या. ज्या जनावराला शेवटपर्यंत गिऱ्हाईक आहे ते वाढलं किंवा टिकलं. ज्याचं गिऱ्हाईक गेलं ते घटलं. गोवंश वाचवायला केलेल्या कायद्याखाली गोवंशच घटला. संकरित गाईला गोऱ्हा झाला की तो दावणीला बांधायचा की रात्री कुठेतरी सोडून यायचा, हा प्रश्न आज दूध उत्पादकांच्या घराघरांत आहे आणि त्याबद्दल कोणी उघडपणे बोलत नाही.

शेवटचं गिऱ्हाईक एकाएकी गेलं तर काय होतं याचं उदाहरण आफ्रिकेत आहे. सोमालियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदरातून सौदी अरबस्तानला शेळ्या-मेंढ्या आणि उंट जातात. तिथल्या भटक्या पशुपालकांचं सगळं जगणं त्यावर चालतं. रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीने सौदीने 1998 मध्ये आणि पुन्हा 2000 मध्ये खरेदी थांबवली. दुसरी बंदी 2009 पर्यंत टिकली. कळप तेच, चारा तोच, पण घेणारा गेल्यावर कळपाची किंमतच गेली. आपल्याकडे 2015 साली हेच घडलं, फक्त ते जिल्ह्याजिल्ह्यांत आणि गोठ्यागोठ्यांत विखुरलेलं असल्याने डोळ्यांत भरलं नाही.

पुढची वर्षं झपाट्याने गेली. 2020 चा लॉकडाऊन आणि 2022 चा लम्पी यांत जनावरांचे बाजार पुन्हा पुन्हा बंद पडले. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता हा दर्जा दिला आणि गोशाळांतल्या देशी गाईंना दिवसाला 50 रुपयांचं अनुदान जाहीर केलं. दारातल्या भाकड गाईला, संकरित गोऱ्ह्याला, उतरलेल्या बैलाला त्यात जागा नव्हती. मे 2025 च्या अखेरीस गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना पत्र धाडलं की बकरी ईदच्या आठवड्यात, 3 ते 8 जून, जनावरांचे बाजार भरवू नका. म्हणजे शेळ्या-बोकडांचेही नाहीत. वर्षभर बोकड जोपासून ईदला विकणाऱ्या मजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या घरांवर तो घाला होता. टीका झाल्यावर आयोगाला माघार घ्यावी लागली.

अशा सगळ्यानंतर जुलै आला. जमातीने यावेळी याचिका केली नाही, घेणंच थांबवलं. आतापर्यंतच्या तिच्या सगळ्या लढायांत हाच एक डाव असा होता ज्याने शेतकऱ्याला तिचं महत्त्व कळलं. म्हैस आटली आणि विकून दुसरी आणायची वेळ आली, पण मधली साखळी तुटली होती. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी कुरेशी समाजाबरोबर मोर्चे काढले. महायुतीचे विधान परिषद आमदार आणि रयत क्रांती संघटनेचे सदाभाऊ खोत यांनी उघड भूमिका घेतली की गोरक्षणाच्या नावावर शेतकऱ्याची लूट चालली आहे. पुण्याजवळ फुरसुंगीच्या गोशाळेत ते गेले तेव्हा त्यांना विरोध झाला. खोत आले ते शेतकरी चळवळीतून. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मुंबई-आग्रा रस्त्यावर जे मागणं मांडलं गेलं त्याचाच हा पुढचा धागा आहे, असं मी समजतो. ऑगस्टमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी समाजाच्या प्रतिनिधींना भेटून ऐकून घेतलं आणि खासगी माणसांनी गाड्या तपासू नयेत, ते काम पोलिसांचं आहे, अशा सूचना पोलिसांना गेल्या.

कांद्याच्या बंदपेक्षा हा बंद वेगळा होता तो यासाठी. कांदा व्यापाऱ्याने दार लावलं तेव्हा आत साठवलेला माल त्याच्याकडे होता, निर्यातीतला नफाही त्याचाच होता आणि शेतकरी बाहेर उभा होता. कुरेशी व्यापाऱ्याने दार लावलं तेव्हा त्याचंही घर बंद पडलं. देवनारचा हमाल, चामड्याचा कारागीर, टेम्पोवाला, हेडी सगळे एकाच दिवशी रिकामे झाले. दाबण्यासाठी केलेला बंद आणि जीव वाचवण्यासाठी केलेला बंद यांतला फरक शेतकरी ओळखतो.

तरी हिशोब पूर्ण मांडायचा तर संघटनेच्या पदरात काय पडलं ते बघावं. पोलिसांना गेलेल्या सूचना म्हणजे कायदा नव्हे; कायदा होता तिथेच आहे. जप्त केलेलं जनावर निर्दोष ठरलेल्या मालकाला परत कधी मिळणार, तोवर गोशाळेत त्याचा सांभाळखर्च कोण देणार, ते मेलं तर भरपाई कोणाकडून, हे प्रश्न त्या सूचनांत सुटत नाहीत आणि शेतकऱ्याला सगळ्यात जास्त तेच लागतात. जमातीनेही आपल्या बाजूने अजून काही दिलेलं नाही. बाजारात काटा बसवा, भाव उघड्यावर बोला, पावतीवर वजन आणि दर लिहा, असं ती स्वतः म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीतल्या प्रत्येक जनावराचा कागद तयार असेल आणि रस्त्यात अडवणाऱ्याला दाखवायला शेतकऱ्याची सहीही असेल. पिंपळगावच्या कांदा मार्केटला काटापट्टी मिळवायला भांडावं लागलं. जनावराच्या बाजारात ते भांडण अजून सुरूही झालेलं नाही, आणि ते सुरू करायला शेतकरी व कुरेशी दोघं एका बाजूला उभे आहेत अशी वेळ 2025 च्या आधी कधी आली नव्हती.